वकिलाला कलमाची वेसण

‘वकील’ म्हटले की आज आपल्या डोळ्यांपुढे काळा कोट उभा राहतो आणि त्यामागोमाग फीचा आकडा. अडीचशे वर्षांपूर्वी हाच शब्द कोणी उच्चारला असता, तर ऐकणाऱ्याच्या मनात निराळेच चित्र उमटले असते. परक्या दरबारी ठाण मांडून बसलेला, पालखीचा मान असलेला, जिभेवर साखर ठेवून बोलणारा आणि दोन्ही कान सदैव उघडे ठेवणारा एक मुत्सद्दी गृहस्थ, म्हणजे वकील. पेशव्यांच्या वतीने दिल्लीस हिंगणे असत, हैदराबादेस गोविंदराव काळे असत, कलकत्त्यास कंपनी सरकारच्या उंबऱ्याशी लाला सेवकराम असत. धन्याचे म्हणणे तिथे मांडावयाचे आणि तिथले वर्तमान धन्यास कळवावयाचे, हे त्यांचे दुहेरी काम.

आम्हा खानदेशकरांना ही मंडळी तशी परकी नाहीत. इतिहासाचार्य राजवाड्यांनी ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यातच देह ठेवला आणि त्यांनी गावोगाव पायपीट करून जमविलेल्या कागदांसाठी धुळ्याला त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ उभे राहिले. त्यांनी प्रसिद्ध केलेल्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या २२ खंडांतून हे वकील आपल्याशी बोलतात. मी व्यवसायाने शाळामास्तर आणि छंदाने कादंबरीकार. त्यामुळे अशी पत्रे वाचताना माझे लक्ष तहाच्या मोठ्या गोष्टींपेक्षा बारीकसारीक बातम्यांकडे आधी जाते. कोणाच्या फौजेचा पगार थकला, कोण कोणाकडे रात्री मसलतीस गेला, कोणाची प्रकृती ढासळली, कोणता सरदार मनातून फिरला. हे सारे वकिलाने कळवावयाचे असते. हीच बातमी फाटक्या कपड्यातल्या हरकाऱ्याने आणली तर आपण त्याला हेर म्हणतो. शालजोडी पांघरलेल्याने लिहिली तर तो राजकारणी ठरतो.

मग प्रश्न असा पडतो, की यजमानाने काय करावे? वकिलाला घरात घेतले नाही तर दोन राज्यांत बोलणे खुंटते. घेतले, तर चूल कोणती आणि तिजोरी कोणती हे तो पाहून जातो. त्याला बेड्या ठोकाव्यात, तर आपलाही वकील त्याच्या धन्याच्या दारी बसलेला असतो. या पेचातून वाट काढण्यासाठी जगाने निरनिराळे नियम केले. त्यांतल्या एका नियमाशी आमच्या खानदेशाचे नशीब जखडले गेले होते. शाळेच्या पुस्तकांत तहाने गेलेल्या मुलखांची यादी असते. हे कलम मात्र त्यात सहसा सापडत नाही. म्हणून हा लेखप्रपंच.

परक्या माणसाला घरात किती येऊ द्यावे याचा विचार मराठी राज्यात झालाच नव्हता, असे कोणी समजू नये. रामचंद्रपंत अमात्यांच्या नावावर असलेल्या आज्ञापत्रात, म्हणजे १७१५ च्या सुमारास, टोपीकरांविषयी एक सावध प्रकरण आहे. हे लोक इतर सावकारांसारखे नव्हेत. त्यांच्या पाठीशी त्यांचे राजे आहेत आणि त्यांना भूमीचा लोभ आहे, असे अमात्य बजावतात. त्यांच्याशी व्यवहार ठेवावा, पण वखारीसाठी समुद्रकाठी वा खाडीकाठी जागा देऊ नये. द्यावीच लागली तर किनाऱ्यापासून चार-आठ कोस आत, भरवस्तीच्या शेजारात, सखल ठिकाणी द्यावी. पक्की इमारत बांधू देऊ नये. याचा अर्थ उघड आहे. शेजाऱ्यांच्या डोळ्याखाली राहणाऱ्याला गुपचूप काही करणे अवघड जाते. परक्याला हाकलून न देता त्याच्या वावराला मर्यादा घालण्याचे हे शहाणपण तीनशे वर्षांपूर्वीचे आहे.

हे शहाणपण कागदावर राहिले. १७७२ मध्ये मुंबईकर इंग्रजांचा वकील मॉस्टिन पुण्यात येऊन राहिला. साष्टी आणि वसई पदरात पाडून घेण्याची संधी हेरणे हा त्याच्या मुक्कामाचा हेतू होता. पुढच्याच वर्षी नारायणराव पेशव्यांचा खून झाला. घरातली ती फूट मॉस्टिनला शनिवारवाड्यापासून हाकेच्या अंतरावरून पाहावयास मिळाली. आणि १७७४ च्या अखेरीस इंग्रजांनी ठाण्याचा किल्ला घेतला. नंतर १७७७ मध्ये सेंट ल्युबिन नावाचा फ्रेंच गृहस्थ आपण फ्रान्सच्या राजाचे वकील आहोत असे सांगत पुण्यास आला. नाना फडणीसांनी त्याची बडदास्त ठेवताच इंग्रजांच्या पोटात गोळा उठला. स्वतःचा वकील पुण्यात बसवून दुसऱ्याच्या वकिलाविरुद्ध त्यांनी ओरड सुरू केली. नानांनी त्या फ्रेंचाला काही दिवस खेळविले आणि १७७८ मध्ये वाटेला लावले. १७८६ मध्ये मॅलेट हा कायमचा रेसिडेंट म्हणून आला आणि मुळामुठेच्या संगमावर त्याचा प्रशस्त तळ पडला. पंत अमात्यांनी सांगितलेला भरवस्तीचा शेजार तिथे नव्हता. नाना हयात आणि सावध होते तोवर नियमाची उणीव त्यांच्या बुद्धीने भरून निघाली. परंतु एका माणसाच्या बुद्धीवर चाललेली व्यवस्था त्या माणसाबरोबरच सरणावर जाते.

त्या काळात विलायतेत काय चालले होते, तेही पाहण्यासारखे आहे. १७०८ मध्ये रशियाच्या वकिलाला लंडनच्या रस्त्यात सावकारांनी कर्जापायी पकडविले. झार संतापला. तेव्हा इंग्लंडच्या पार्लमेंटने कायदाच केला, की परराज्याच्या वकिलाला अटक करता येणार नाही. पुढे नऊच वर्षांनी, १७१७ मध्ये, स्वीडनचा वकील युलेनबोर्ग इंग्लंडच्या राजाविरुद्धच्या कटात गुंतल्याचा संशय आला. तेव्हा त्याच इंग्रज सरकारने त्याच्या घरावर पहारा बसविला आणि त्याचे कागद जप्त केले. स्वीडनने तिथल्या इंग्रज वकिलाला अडकवून त्याची परतफेड केली. शेवटी दोघेही सुटले. समान बळाचे दोन शेजारी भांडले, म्हणजे भांडणाचा शेवट असा बरोबरीत होतो.

हिंदुस्थानात मात्र बळ समान उरले नव्हते. ३१ डिसेंबर १८०२ रोजी दुसऱ्या बाजीरावाने वसईचा तह केला. इंग्रजांशी वैर असलेल्या किंवा त्यांच्याविरुद्ध कारस्थान करणाऱ्या युरोपियनांना आपल्या पदरी ठेवू नये, असे एक कलम त्यात होते. इतर कोणत्याही सत्तेशी बोलणे लावण्यापूर्वी कंपनीस कळवावे आणि तिची सल्ला घ्यावी, असेही बाजीरावाने मान्य केले. वकील पाठविण्याची मुभा अजून शाबूत होती. पण वकिलाच्या नाकात पहिली वेसण इथे पडली.

दुसरी वेसण पडण्यास आपल्याच हातून निमित्त घडले, हे लपविण्यात अर्थ नाही. बडोद्याच्या गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री पटवर्धन इंग्रजांच्या हमीवर पुण्यास आले होते. २० जुलै १८१५ रोजी पंढरपुरात विठ्ठलाच्या दर्शनाहून परतताना त्यांचा खून झाला. संशय बाजीरावाच्या मर्जीतल्या त्रिंबकजी डेंगळ्यावर होता. वकिलाच्या अंगास हात लावू नये हा धर्म आपल्याकडे रामायणापासून चालत आलेला. रावणाच्या सभेतसुद्धा बिभीषणाने दूताचा वध निषिद्ध म्हणून सांगितले होते. तो धर्म तीर्थक्षेत्रात मोडला गेला आणि रेसिडेंट एल्फिन्स्टनच्या हाती धारदार शस्त्र आले. त्रिंबकजी ठाण्याच्या तुरुंगात गेला, १२ सप्टेंबर १८१६ च्या रात्री तिथून निसटला, आणि नाशिक-खानदेशाच्या डोंगरांतून भिल्लांना गोळा करत हिंडू लागला. बाजीरावाचा त्याला आतून पैका पोचतो, बाजीरावाचे वकील शिंदे-होळकर-भोसल्यांकडे गुप्त मसलती करतात, असा एल्फिन्स्टनचा आरोप होता. आणि तो निराधार नव्हता.

पण हे एल्फिन्स्टनला कळत होते कसे? पेशव्याच्या वाड्यात काय शिजते याचा वास संगमावर रोज पोचत होता. बाळाजीपंत नातूंसारखी माणसे त्याच्या पदरी होती. बातमीसाठी पैसा, जासूद आणि अभय यांची तिथे कमतरता नव्हती. ज्या कामाबद्दल पेशव्याच्या वकिलांना कारस्थानी म्हटले जात होते, तेच काम रेसिडेन्सीत दफ्तर ठेवून नेमाने चालले होते. मे १८१७ मध्ये इंग्रजी फौजेने पुण्याला वेढा घातला, सिंहगड, पुरंदर आणि रायगड हे किल्ले ओलीस मागून घेतले आणि १३ जून १८१७ रोजी बाजीरावापुढे तह ठेवला. त्यात मुलूख गेला, मराठी राज्यमंडळाचे पुढारीपण गेले. शिवाय एक कलम असे पडले, की पेशव्याने परदरबारी आपले वकील ठेवू नयेत, परदरबारचे वकील आपल्याकडे घेऊ नयेत आणि जे काही बोलणे असेल ते रेसिडेंटाच्या मार्फत करावे.

या कलमाचा अर्थ नीट ध्यानात घ्यावा. मुलूख गेला तर माणूस गरीब होतो; बोलण्याचा हक्क गेला तर तो मुका होतो. हेरगिरीच्या संशयावरून एका बाजूच्या सर्व वकिलांना बंदी झाली, आणि ज्याने संशय घेतला त्याच्या वकिलाला कोणतीच मर्यादा नाही. त्याने किती माणसे ठेवावीत, कुठे फिरावे, कोणास भेटावे, याविषयी चकार शब्द नाही. त्याच हंगामात ग्वाल्हेरीसही असाच एक प्रसंग घडला. दौलतराव शिंद्यांची नेपाळ दरबारास जाणारी पत्रे इंग्रजांनी वाटेत पकडली. ती एका संस्कृत पोथीची पाने एकमेकांस चिकटवून त्यांत दडविलेली होती. रेसिडेंटाने ती भर दरबारात शिंद्यांच्या हवाली केली. दौलतरावांना बोलण्यास तोंड राहिले नाही आणि ५ नोव्हेंबर १८१७ रोजी त्यांनीही तहावर सही केली. त्याच दिवशी पुण्यात खडकीची लढाई झाली आणि पेशव्याच्या लोकांनी संगमावरची रेसिडेन्सी जाळली. अमात्यांचा सल्ला शंभर वर्षांनी असा पाळला गेला. पण उशिराने, आणि आगीने!

आता आपण खानदेशाकडे वळू. हा मुलूख तेव्हा पेशवे, शिंदे आणि होळकर यांच्यात वाटलेला होता. २१ डिसेंबर १८१७ रोजी महिदपूरला होळकरांची फौज मोडली आणि ६ जानेवारी १८१८ रोजी मंदसोरला तह झाला. इंग्रजांकडून जॉन माल्कम आणि बालवयाच्या मल्हारराव होळकरांकडून तात्या जोग यांनी तो ठरविला. त्या एकाच कागदात दोन गोष्टी आहेत. सातपुड्याच्या दक्षिणेचा होळकरांचा सारा मुलूख, खानदेशासकट, कंपनीकडे गेला. आणि होळकरांनी ब्रिटिश रेसिडेंटाच्या माहितीखेरीज व संमतीखेरीज कोणत्याही राज्याकडे वकील पाठवू नये, कोणाचा वकील घेऊ नये, असे ठरले. गव्हर्नर जनरलकडे तेवढा एक वकील ठेवण्यास मोकळीक होती. ज्याच्याविषयी तक्रार करावयाची, त्याच्याच दारात उभे राहण्याची ती मोकळीक!

कलम मंदसोरला लिहिले गेले, ते वाचून दाखविले गेले थाळनेरला. बरोबर ५२ दिवसांनी, २७ फेब्रुवारी १८१८ रोजी, सर थॉमस हिस्लॉपची फौज तापीकाठच्या त्या किल्ल्यापुढे येऊन उभी राहिली. तहाप्रमाणे किल्ला आमचा, तो खाली करा, असे त्याचे म्हणणे. किल्लेदाराने तो दिला नाही. तोफा डागल्या गेल्या. शरणागतीचे बोलणे चालू असताना दरवाजापाशी झटापट झाली आणि काही इंग्रज अंमलदार पडले. मग आतल्या शिबंदीची कत्तल झाली आणि किल्लेदार तुळशीराम मामाला त्याच संध्याकाळी फाशी दिले. ज्याने तहाचा कागद कदाचित डोळ्यांनीही पाहिला नसेल, तो त्या तहाचा भंग केला म्हणून मेला.

काही वर्षांपूर्वी शाळेतल्या मुलांना घेऊन मी थाळनेरला गेलो होतो. फारुकी सुलतानांच्या कबरी दाखवून झाल्या, नदीकडे ढासळलेला किल्ल्याचा भाग दाखवून झाला आणि ही हकीकत सांगितली. एका मुलाने विचारले, “गुरुजी, सही त्यास्नी करी, मंग फाशी याले काबर दिनी?” सही त्यांनी केली, मग फाशी याला का? पदवीधर इतिहासकारांनी या तहावर पुष्कळ लिहिले आहे. पण मी मॅट्रिकपर्यंतच शिकलेला माणूस असल्यामुळे असेल कदाचित, मला तो आठवी-नववीतल्या मुलाचा प्रश्न अधिक मुळाशी जाणारा वाटला. तात्या जोग पुढेही होळकरांचे कारभारी राहिले. किंमत मोजली ती वेशीवरच्या माणसाने.

खानदेशाचा बंदोबस्त कॅप्टन जॉन ब्रिग्ज याच्याकडे आला आणि त्याने आपले ठाणे धुळ्यास केले. पुढे धरणगावला औट्रमने १८२५ पासून भिल्लांची पलटण उभारली. डोंगरातल्या त्रिंबकजीला ज्यांनी साथ दिली होती, त्यांच्याच भाऊबंदांना बंदूक आणि पगार देऊन. १९०६ मध्ये खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले, आणि आज त्यांचे जळगाव, धुळे आणि नंदुरबार असे तीन आहेत. पण या सर्वांच्या सातबाऱ्याचे मूळ शोधत गेलो, तर एका मुळाशी तो मंदसोरचा कागद लागतो, वकिलाला मुका करणाऱ्या कलमासकट.

आज या प्रश्नाचे उत्तर जगाने कसे दिले आहे? १८ एप्रिल १९६१ रोजी व्हिएन्ना येथे राजनैतिक संबंधांविषयीचा करार झाला. १९६५ मध्ये भारत त्यात सामील झाला आणि १९७२ मध्ये आपल्या संसदेने त्याला कायद्याचे रूप दिले. हा करार मोठा व्यवहारी आहे. यजमान देशातली परिस्थिती जाणून घेणे हे वकिलाचे रीतसर काम आहे, असे तो मान्य करतो; मात्र ते कायदेशीर मार्गानेच केले पाहिजे. वकिलाला अटक करता येत नाही, त्याच्या कचेरीत परवानगीवाचून पाऊल टाकता येत नाही. उलट त्याने यजमानाचे कायदे पाळावेत आणि त्याच्या घरगुती कारभारात हात घालू नये. संशय आला तर कारण न सांगताही ‘हा गृहस्थ आम्हाला नको’ असे कळविता येते. मग त्याच्या देशाने त्याला परत न्यावयाचे. वकिलातीत माणसे फार झाली तर वाजवी संख्येचा आग्रह धरता येतो. देशाच्या सुरक्षिततेसाठी काही भाग त्यांना बंद करता येतात. दुसऱ्या देशाने आपल्या वकिलांच्या सवलती कापल्या, तर त्याच्या वकिलांच्या सवलती तेवढ्याच कापण्याचा अधिकार आपल्या १९७२ च्या कायद्याने सरकारला दिला आहे. अमेरिकेनेही १९८२ मध्ये परदेशी वकिलातींसाठी याच परतफेडीच्या तत्त्वावर कायदा केला.

अमात्यांच्या सावधगिरीची यात ओळख पटते: जागा, संख्या, वावर. पण पुण्याच्या आणि मंदसोरच्या तहांत जे नव्हते, ते इथे आहे. जे माप तुला, तेच मला. ३१ मे २०२० रोजी दिल्लीतल्या पाकिस्तानी उच्चायोगाचे दोन कर्मचारी हेरगिरी करताना पकडले गेले. त्यांना तुरुंगात टाकले नाही. २४ तासांत देश सोडावयास सांगितले. पुढच्या महिन्यात भारताने त्या उच्चायोगातली माणसे निम्म्यावर आणावयास लावली, आणि त्याच निर्णयात इस्लामाबादेतली आपली माणसेही त्याच प्रमाणात कमी करण्याचे ठरविले. शत्रूच्या वकिलाला कात्री लावताना आपल्याही वकिलावर ती चालवावी लागते. याची चीड येते खरी. परंतु ती कात्री दोन्हीकडे चालते म्हणूनच तिला कायदा म्हणावयाचे; एकीकडेच चालली तर तिचे नाव मंदसोर.

एक काटा मात्र सलतो. पकडलेला वकील विमानात बसून घरी जातो, आणि पैशासाठी, धाकाने किंवा मूर्खपणाने त्याला कागद देणारा इथला कारकून १९२३ च्या शासकीय गुपितांच्या कायद्याखाली कोठडीत जातो. देशाशी बेइमानी करणाऱ्याची मला कणव नाही. पण ज्याने जाळे विणले तो सुटतो आणि जाळ्यात सापडलेला भोगतो, हे थाळनेरच्या दरवाजावर घडले तसेच अजूनही घडते. व्हिएन्नाच्या कराराने दोन राज्यांना एका मापाने मोजले. राज्य आणि साधा माणूस यांच्यासाठी तसे माप अजून कोणी घडविलेले नाही. त्या मुलाने तापीकाठी विचारलेल्या प्रश्नाचे निम्मे उत्तर जगाला देता आले आहे. उरलेले निम्मे देणे बाकी आहे.